वायरलेस थर्मोस्टॅटवर ज्योतीचं चिन्ह येतं, पण बॉयलर पेटत नाही

प्रश्न:
गॅस बॉयलर, खोलीत बॅटरीवरचा वायरलेस थर्मोस्टॅट, त्याचे संदेश घेऊन बॉयलर चालू-बंद करणारा रिसीव्हर बॉयलरपाशी. खोलीत १७ अंश, सेटिंग २१. पडद्यावर ज्योतीचं चिन्ह दिसतं, रेडिएटर मात्र थंडगार. रिसीव्हरवरचं मॅन्युअल बटण दाबलं की बॉयलर लगेच पेटतो. पेअरिंग (थर्मोस्टॅट आणि रिसीव्हरची रेडिओ-जोडणी) पुन्हा केलं की तासभर चालतं, मग परत तेच. बॅटऱ्या बदलून झाल्या. रिसीव्हर नवा घ्यावा का?

प्रतिसाद १:
थांबा, इतक्यात नको. बटणावर बॉयलर पेटतो म्हणजे रिले (रिसीव्हरमधला बॉयलर चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग आणि बॉयलर ठीक आहेत. गडबड थर्मोस्टॅट ते रिसीव्हर एवढ्याच टप्प्यात आहे.

तुमच्या प्रश्नातला 'तासभर' महत्त्वाचा. बऱ्याच मॉडेलांत थर्मोस्टॅट दर काही मिनिटांनी संदेश पाठवत राहतो. साधारण तासभर एकही संदेश आला नाही, तर रिसीव्हर सुरक्षेसाठी रिले बंद करतो. पेअरिंग करताना थर्मोस्टॅट हातात, रिसीव्हरजवळ असतो. 'चालू'ची आज्ञा पोचते. खोलीत नेऊन ठेवला की पुढचं काहीच पोचत नाही.

खात्री करायची तर थर्मोस्टॅट रिसीव्हरपासून दोन-तीन मीटरवर ठेवा, सेटिंग खोलीच्या तापमानाहून बरंच वर करा आणि दोन तास हलवू नका. बंद पडला नाही तर दोष अंतराचा किंवा आडोशाचा.

प्रतिसाद २:
बॅटऱ्या बदलल्या, पण कोणत्या टाकल्या? रिचार्जेबल १.२ व्होल्टच्या असतात, अल्कलाइन १.५ च्या. पडद्याला नगण्य करंट लागतो, संदेश पाठवताना मात्र क्षणभर जास्त ओढला जातो आणि व्होल्टेज खाली बसतं. म्हणून पडदा ठणठणीत दिसणं हा पुरावा नव्हे. दोन्ही नव्या अल्कलाइन एकदमच टाका, जुनी-नवी जोडी नको. पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर घासून काढा.

प्रश्नकर्ता:
बॅटऱ्या अल्कलाइनच, दोन्ही नव्या. जवळ ठेवून दोन तास पाहिलं, एकदाही बंद पडला नाही. रिसीव्हर बॉयलरच्या पत्र्यालाच स्क्रूने बसवलेला आहे.

प्रतिसाद १:
मग तोच पत्रा आड येतोय. रिसीव्हर भिंतीवर घ्या, धातूच्या कुठल्याही वस्तूपासून निदान ३० सेंमी दूर. मधल्या भिंतीत फॉइल लावलेलं इन्सुलेशन, मोठा आरसा किंवा फ्रिज असेल तर त्यानेही संदेश अडतो. थर्मोस्टॅट ८६८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी वापरत असेल तर त्यांची तरंगलांबी सुमारे ३५ सेंमी असते, त्यामुळे थर्मोस्टॅट वीतभर सरकवूनही कधीकधी काम भागतं. आधी तो फुकटचा उपाय करून बघा. थर्मोस्टॅटची उंची १.२ ते १.५ मीटर, ऊन आणि रेडिएटरपासून लांब.

रिसीव्हर हलवताना मेन स्विच बंदच हवा, आणि कोणती तार कुठे होती याचा फोटो आधी काढा. काही बॉयलरांना थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट लागतात, तर काहींना नुसता कोरडा संपर्क, म्हणजे व्होल्टेज न देता फक्त दोन तारा जोडणारा. दुसऱ्या प्रकारात मेनची फेज गेली तर बोर्ड जळतं. शंका असेल तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा.

प्रतिसाद ३:
उलट तक्रार, म्हणजे हीटिंग बंदच होत नाही अशी असेल, तर रेडिओच्या मागे लागू नका. पुरवठा बंद करून रिसीव्हरच्या कॉम (सामाईक) आणि एनओ (एरवी उघडा राहणारा संपर्क) टर्मिनलवरच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटरने त्या दोन टर्मिनलमध्ये कंटिन्युइटी (आतून जोड आहे का) बघा. बीप आली तर रिलेचे संपर्क चिकटलेत. नाही आली तर बॉयलरमध्ये कारखान्यातून येणारी, थर्मोस्टॅटची दोन टर्मिनल जोडून ठेवणारी जोडपट्टी काढायची राहिली असेल, किंवा झोन व्हॉल्व्हचा (घराच्या एका भागाचं गरम पाणी सोडणाऱ्या झडपेचा) मायक्रोस्विच अडकला असेल.