मदत हवी आहे: मानदुखीला मोबिलायझेशन, मुलिगन की मान मोडून घेणं?

मळ्यातली (तासगाव):
जाऊबाईंसाठी विचारतेय. वय ४२. द्राक्षबागेत विरळणीचं काम, दिवसभर मांडवाखाली मान वर. पाच आठवडे मान उजवीकडे दुखते. वर बघताना आणि उजवीकडे वळताना कळ येते, फऱ्यापर्यंत जाते. हाताला मुंग्या नाहीत, पकड चांगली, चक्कर नाही. एक्स-रेत सी ५-६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी) थोडी झीज. सल्ले तीन मिळालेत: मिरजेला फिजिओथेरपी (मोबिलायझेशन किंवा मुलिगन, म्हणजे हाताने सांधे हलवायच्या पद्धती), हाडवैद्याकडून मान मोडून घेणं, नाहीतर नुसती मालिश. आधी काय करावं?

कृष्णाकाठ:
ताई, वर बघताना आणि दुखऱ्या बाजूला वळताना त्या बाजूचे फॅसेट सांधे, म्हणजे मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे, दाबले जातात. दुखणं बहुधा तिथलंच आहे. झिजेची धास्ती नको, ती न दुखणाऱ्या मानेतही दिसते.

मान मोडून घेऊ नका. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) झटका देऊन मान मोडणं आणि हळुवार मोबिलायझेशन यांचा परिणाम साधारण सारखाच आढळला. झटक्याने क्वचित मानेतली धमनी फाटून पक्षाघात होतो. सारख्याच गुणासाठी तो धोका कशाला? ‘कट’ आवाज सांध्यातल्या वायूचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

मोबिलायझेशनच्या मेटलंड पद्धतीत रुग्ण पालथा झोपतो आणि दुखऱ्या बाजूच्या सांध्यावर अंगठ्याने लयीत दाब देतात, ३० ते ६० सेकंद, दोन-तीन वेळा. दुखणं जास्त असेल तर ग्रेड १-२ (हलका दाब), ताठरपणा जास्त असेल तर ३-४ (ताठरपणात शिरणारा दाब). पहिल्याच दिवशी ग्रेड ४ दिली की रात्री मान धरते, आणि लोक म्हणतात फिजिओने वाढवलं.

तुमच्या जाऊबाईंना मी आधी मुलिगन पद्धतीचा स्नॅग (सांधा सरकवून धरून हालचाल) देईन, कारण कळ हालचालीतच येते. रुग्ण बसलेला. थेरपिस्ट सांधा डोळ्यांच्या दिशेने वर सरकवून धरतो, तेवढ्यात रुग्ण स्वतः मान वळवतो. मान परत मध्ये येईपर्यंत दाब सोडायचा नाही. जरा जरी दुखलं तर मणका किंवा दिशा चुकली आहे. जोर वाढवून ते सुधारत नाही. पहिल्या दिवशी सहा वेळा पुरे.

मालिशने स्नायू सैल होतात, पण सांध्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्येक उपचाराच्या आधी आणि लगेच नंतर मान किती वळते ते बघा. चार बैठकांत फरक नसेल तर पद्धत बदला. दहा बैठकांचं पॅकेज आधीच घेऊ नका.

वारणाकाठ:
वरच्यात भर. हनुवटी हलकेच आत घेऊन १० सेकंद, १० वेळा, रोज. हे नसेल तर हाताच्या उपचाराचा गुण टिकत नाही. विरळणी करताना पायाखाली घोडी घ्या, घड नजरेच्या रेषेत आला पाहिजे.

मळ्यातली:
स्नॅग घरी करता येतो का?

कृष्णाकाठ:
वर बघण्यासाठी येतो. पंच्याची कड दुखऱ्या मणक्याखाली अडकवा, दोन्ही टोकं डोळ्यांच्या दिशेने वर ओढा, ओढ तशीच ठेवून वर बघा. ६ ते १० वेळा. टोकं खाली ओढली तर सांधा उलट दाबला जातो, नेमकी हीच चूक होते. हाताला मुंग्या आल्या, बटण लावताना बोटं अडखळली, चालताना तोल गेला तर सगळं थांबवून डॉक्टरांना दाखवा. अचानक कधी नव्हे अशी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं किंवा बोलणं जड झालं तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.