[मंडळ] मिझुरीत टर्की पक्ष्याच्या शिकारीची ट्रिप: बंदुका छोटूच्या व्हॅनमध्ये नकोत

प्रेषक: बापू
मंगळवार, रात्री

मंडळी,

नानांनी काल गाड्यांची यादी टाकली ती आत्ता नीट पाहिली. दोन्ही शॉटगन आणि काडतुसांचा डबा छोटूच्या मिनीव्हॅनमध्ये दाखवलाय. हे बदलायचं. छोटू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि त्याच्याकडे फक्त मासेमारीचं परमिट आहे. बंदूक त्याच्या गाडीत नको, हातात नको, फोटोपुरतीही नको. गेल्या वर्षीचा तो ओढ्याकाठचा फोटो ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया पुढे पाठवू नये.

शुक्रवारी निघायचंय, तेव्हा उद्या रात्रीपर्यंत ठरवू या.

बापू

---

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री

बापू,

यादी मी विचार करूनच केली होती. माझ्या डिकीत दोन कूलर, सगळ्यांचे वेडर (पाण्यात उतरायच्या रबरी विजारी) आणि तंबू. तुझ्या पिकअपला मागे झाकण नाही आणि शनिवारचा पाऊस सांगितलाय. राहिली छोटूची व्हॅन. बंदुका माझ्या, केस कुलूपबंद, किल्ली माझ्या खिशात, मी त्याच्या शेजारच्या सीटवर. यात छोटूचा संबंध येतोच कुठे?

आणि पोरगा इतक्या हौसेने येतोय, त्याला एक बार काढू दिला तर काय बिघडलं? पक्षी माझ्या टॅगवर, म्हणजे माझ्या परमिटच्या चिठ्ठीवर दाखवू. मी इतकी वर्षं जातोय, शेतावर आजवर कोणी विचारायला आलेलं नाही.

नाना

---

प्रेषक: छोटू
मंगळवार, मध्यरात्र

बापूकाका, नानाकाका,

माझ्यामुळे वाद नको. मी गाडी चालवतो, ट्राउट धरतो, बंदुकीला हात लावत नाही. पण पहाटे टर्की ऐकायला तुमच्याबरोबर जंगलात बसलो तर चालेल ना? गेल्या वर्षी मी झोपून राहिलो होतो, त्याची अजून हळहळ वाटते.

छोटू

---

प्रेषक: वकीलताई
बुधवार, सकाळी

नाना, संबंध येतो. जरा सविस्तर लिहिते, कारण मंडळाच्या या मेल-यादीवरची निम्मी मुलं आज याच अवस्थेत आहेत.

बंदुकीचा हा नियम मिझुरीचा नाही, फेडरल कायद्याचा आहे. अठराव्या टायटलचं कलम ९२२, त्यातलं (जी)(५). नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा. काडतुसंही, हे लक्षात घ्या. एच-वन, त्यांच्या घरच्यांचा एच-फोर, एफ-वनवर शिकणारी मुलं, शिक्षणानंतर ओपीटीवर काम करणारे, सगळे यात आले. ग्रीनकार्डवाले नाहीत. आणि ‘जवळ बाळगणं’ म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. स्वतःच्या गाडीत, स्वतःला ठाऊक असताना ठेवलेली वस्तू आपल्या ताब्यातली नव्हती, हे सिद्ध करत बसायची वेळ छोटूवर का आणायची? किल्ली नानांच्या खिशात होती हे तुम्ही सांगाल, पण ऐकणारा ऐकेलच असं नाही. दंड भरून सुटण्यातलं हे प्रकरण नाही. व्हिसा, ग्रीनकार्डची रांग, सगळंच अडकतं.

आता दुसरी बाजू. त्याच कलमात (वाय)(२) असा अपवाद आहे: ज्याच्याकडे राज्याने दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स किंवा परमिट आहे त्याला ही बंदी लागू नाही. परमिट शिकारीचंच हवं, मासेमारीचं चालत नाही. म्हणजे छोटूने रीतसर टर्कीचं परमिट काढलं आणि ते खिशात ठेवलं तर तो बंदूक धरू शकतो, स्वतःचा पक्षी स्वतः मारू शकतो. नानांच्या टॅगवर मात्र अजिबात नाही. ज्याने मारला त्याचाच टॅग.

ताई

---

प्रेषक: भाऊ
बुधवार, सकाळी

मासेमारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बेनेट स्प्रिंगच्या ट्राउट पार्कात नुसत्या परमिटवर गळ टाकता येत नाही, रोजचा ट्राउट टॅग वेगळा घ्यावा लागतो. मागच्या खेपेला दोघेजण टॅगशिवाय पाण्यात उतरले होते, मी बघितलं म्हणून बरं. माणशी चार मासे. सकाळी भोंगा झाल्याशिवाय कोणी गळ भिजवायचा नाही.

आणि झोन! पहिल्या झोनमध्ये फक्त फ्लाय (पिसा-दोऱ्याची खोटी माशी), दुसऱ्यात फ्लाय आणि कृत्रिम आमिष. आपली कणकेची गोळी फक्त तिसऱ्या झोनला, खाली नायांग्वा नदीच्या बाजूला. कणीक मी घरूनच मळून आणतोय, कोणी बाजारचं आमिष विकत घेऊ नका. कणकेत थोडा कापूस पिंजून मळला की गोळी गरीवरून सुटत नाही. आमच्या आजोबांनी खाडीवर गरवायला बसताना शिकवलेलं हे. तिथे शेंगटी लागायची, इथे ट्राउट लागतो, मासा कणीक ओळखतो.

भाऊ

---

प्रेषक: सचिव
बुधवार, दुपारी

सर्वांना नमस्कार,

दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, ही ट्रिप मंडळाची नाही, सात मित्रांची आहे. मंडळाच्या विम्यात बंदुका बसत नाहीत, तेव्हा केबिनच्या बुकिंगवर मंडळाचं नाव असेल तर काढावं. दोन, नानांनी १ मेच्या कार्यक्रमात टर्कीचं सुक्कं देणार असं परस्पर जाहीर केलंय. कार्यक्रमाला तिकीट आहे. शिकारीचं मांस विकायला कायद्याने बंदी आहे. तिकीट लावून वाढलं की त्याला विक्री म्हणतील की नाही, या चर्चेत कार्यकारिणीला पडायचं नाही. मेनू ठरलेला आहे.

सचिव

---

प्रेषक: माई
बुधवार, दुपारी

सचिवांनी बरं केलं. माझंही एक सांगणं आहे, रागावू नका. गेल्या वर्षी हॉलच्या फ्रीझरमध्ये टर्कीची पाकिटं श्रीखंडाच्या डब्यांना लागून ठेवली होती. आमच्या घरी दोघांच्या गळ्यात माळ आहे. तुम्ही काय खाता त्यावर मी कधी बोलले नाही, बोलणारही नाही. पण नैवेद्याचं आणि ते एका कप्प्यात नको. यंदा ज्याने त्याने आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये ठेवावं.

माई

---

प्रेषक: नाना
बुधवार, संध्याकाळी

माई, चूक माझीच होती. यंदा एकही पाकीट हॉलवर येणार नाही, शब्द देतो.

सुक्कं मी माझ्या घरी रविवारी करीन, विनातिकीट, ज्याला यायचं त्याने यावं. तंगड्या टाकू नका, मला आणून द्या. रानटी टर्कीच्या पायात शिरा असतात, दोऱ्यासारख्या. लोक कंटाळून फेकून देतात. कुकरला तासभर ठेवल्या की हाडापासून आपोआप सुटतात, मग वाटण आणि मालवणी मसाला. छातीचं मांस वेगळं ठेवायचं, ते दहा मिनिटांत होतं, जास्त शिजवलं की लाकूड.

पाकिटं कोणाला दिली तर त्यावर नाव, पत्ता, टेलीचेकचा (शिकारीची नोंद केल्यावर मिळणारा) नंबर लिहून द्यायचा. ते मी दर वर्षी करतो, त्यात मला कोणी शिकवायची गरज नाही.

नाना

---

प्रेषक: सर
बुधवार, रात्री

टर्कीवरून आठवलं. हा पक्षी मोगल दरबारात गोव्यातून गेला. जहांगीरने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं, दुर्मीळ वस्तू आणायला. १६१२ साली त्याने आणलेल्या प्राण्यांत टर्की होती. बादशहाने तिचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, डोक्याचा आणि गळ्याचा रंग क्षणोक्षणी बदलतो म्हणून, आणि मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. मी ते लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये पाहिलंय. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीची एकेक सुरकुती काढलीय.

छोटू, तू शनिवारी पहाटे ते डोकं प्रत्यक्ष बघ. लाल, पांढरं, निळं, नर खुशीत आला की झरझर बदलतं.

---

प्रेषक: बापू
बुधवार, रात्री

सरांनी रंगांचं लिहिलं त्यावरूनच सुरुवात करतो. लाल, पांढरा किंवा निळा कपडा अंगावर नको. आतला बनियनसुद्धा नाही, हातरुमालही नाही. झुडपामागून त्या रंगाचा तुकडा हलला की समोरच्याला नराचं डोकं वाटतं. मंडळाचा टी-शर्ट लाल आहे, तो केबिनवरच राहू दे. झाड आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बघून त्याला पाठ टेकून बसायचं, आणि आवाज कितीही जवळून आला तरी त्याच्या मागे चालत जायचं नाही. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या, टर्कीसारखा आवाज काढायच्या डबीचा असू शकतो.

आता मूळ मुद्दा. नाना, तुला राग आला हे मला कळतंय. पण मी हे का धरून बसलोय ते सांगतो. ज्यांचं हे शेत आहे ते आजोबा पूर्वी माझ्या ऑफिसात होते. माझ्या एच-वनच्या दिवसांत ते मला पहिल्यांदा इथे घेऊन आले. मी तेव्हा नऊ वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत होतो, धाकटी नुकतीच झाली होती. ट्रकपाशी पोचल्यावर त्यांनी बंदूक माझ्याकडे केली आणि मी हात मागे घेतला. नियम मला धड माहीत नव्हता, नुसती भीती होती. त्यांनी एक शब्द न बोलता बंदूक परत घेतली आणि मला लाकडी डबी दिली, बॉक्स कॉल. अंधारात बसलो. आधी घुबड बोललं, त्याच्या पाठोपाठ दरीतून नराने उत्तर दिलं. डॉगवूड फुललं होतं, तेवढंच पांढरं दिसत होतं. मी डबीचं झाकण घासलं, चुकतमाकत, आणि तो उतरला. पिसारा फुलवून पंख जमिनीला घासत आला. पंखांची टोकं पाचोळ्यावर खरडतात त्याचा आवाज इतका जवळ होता की मी श्वास धरून ठेवला. आजोबांनी बार काढला. त्या नराच्या पायाचा काटा माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता, छातीवरची दाढी जमिनीला टेकत होती. बंदुकीला हात न लावता ती सकाळ माझी झाली. छोटूलाही तशी मिळावी, आणि नंतर आयुष्यभर कुठल्या अर्जात त्याचं उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढंच.

तर असं करू. पिकअपच्या मागच्या सीटवर दोन्ही केस झोपतात, आज मोजून पाहिलं. पावसाचा प्रश्न मिटला. माझ्या गाडीत मी, नाना, दोघेही सिटिझन. काडतुसंही तिथेच. तंबू छोटूच्या व्हॅनमध्ये.

छोटूला बार काढायचाच असेल तर रस्ता आहे. मिझुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं, ते छोटूकडे नाही. पण अ‍ॅप्रेंटिस हंटरची परवानगी मिळते. आधी ती काढायची, मग टर्कीचं परमिट. त्याच्या अगदी शेजारी परमिटधारक मोठा माणूस हवा. नाना १९६७ च्या आधीचा, त्याला सर्टिफिकेट लागत नाही, तेव्हा शेजारी नानाच बसेल. शिकवायला त्याच्यापेक्षा चांगला माणूस आपल्यात नाही. हे मनापासून लिहितोय. ताई, एकदा नजर टाकशील का यावर?

पहिला आठवडा असल्यामुळे माणशी एकच पक्षी. मारल्या मारल्या टॅग, आणि रात्री दहाच्या आत टेलीचेक. खाजगी शेत आहे म्हणून सूर्यास्तापर्यंत बसता येतं, पण शेजारच्या सरकारी रानात दुपारी एकला थांबावं लागतं. हद्द ओलांडू नका.

बापू

---

प्रेषक: वकीलताई
गुरुवार, सकाळी

बरोबर आहे. परमिट हातात आल्यावरच बंदूक, त्याआधी सरावालाही नाही. परमिटची मुदत संपली की अपवादही संपला. तो ओढ्याकाठचा फोटो आज फोनमधून डिलीट झाला, मी समोर बसून करवून घेतला.

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, सकाळी

बापू, गोचिडांचं राहिलं. मला तीन वर्षांपूर्वी याच शेतावर चावली. पाठीवर एक पांढरा ठिपका असलेली मादी होती. महिन्याभराने रात्री मटण खाल्लं आणि पहाटे अंगभर गांधी, ओठ सुजले, इमर्जन्सीत नेलं. अल्फा-गॅल म्हणतात त्याला. जेवल्यानंतर काही तासांनी रिअ‍ॅक्शन येते, म्हणून आम्हाला आधी मटणाचा संशयच आला नव्हता. तेव्हापासून मटण, पोर्क, बीफ बंद. पक्षी आणि मासे चालतात, म्हणून तर मी या ट्रिपची वर्षभर वाट बघतो.

कपड्यांवर परमेथ्रिन आदल्या दिवशीच मारून वाळवा, अंगावर मारायचं नसतं ते. पँट मोज्यात खोचा. रात्री काखा आणि गुडघ्यामागे बघा, लाजू नका.

---

प्रेषक: नाना
गुरुवार, दुपारी

बापू, ठीक. पिकअपमध्ये ठेव. छोटू, आज रात्री घरी ये, डबी कशी घासायची ते दाखवतो. खडू लावल्याशिवाय ती बोलत नाही.

---

प्रेषक: छोटू
गुरुवार, रात्री

दोन्ही परमिटं काढली, प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. डबी घेऊन आत्ताच नानाकाकांकडून आलो. बायको म्हणतेय, बाल्कनीत जाऊन घास.

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, रात्री

कणीक मळून झाली. बर्फ कोण आणतंय? ट्राउटला निदान दोन पिशव्या लागतील, आणि टर्कीचा कूलर वेगळा. वाटेतल्या लेबनन गावी उतरल्यावर पेट्रोल पंपावर मिळतो, पण सात वाजता संपतो असा अनुभव आहे. मी तर इथूनच नेतो म्हणतो.