मदत हवी आहे: वक्ते आणि क्लबची उद्दिष्टं यांची सांगड कशी घालावी?

आमच्या रोटरी क्लबाची कार्यक्रम समिती १ जुलैपासून पुन्हा माझ्याकडे आहे. महिन्याला दोन सभा, वक्त्याला वीस मिनिटं, मानधन नाही. मागच्या वेळी रोटरीचे महिनेवार विषय (सप्टेंबर साक्षरता, डिसेंबर रोगप्रतिबंध, मार्च पाणी व स्वच्छता) धरून वक्ते बोलावले. भाषणं रंगली, पण पुढे टाळ्या, फोटो, चहा, संपलं. सदस्यांकडून नावं मागवली तर बहुतेक आपापल्या धंद्यातलीच आली! ऑनलाइन वक्ता नको, निम्मी सभा मोबाइलमध्ये असते.

यंदा मुख्य उद्दिष्ट एकच: शाळांमध्ये हात धुण्याची सोय. असं काम केलेल्यांनी सांगावं, प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यावर कुठल्या प्रकारचा वक्ता उपयोगी पडतो, आणि भाषण संपताच त्याच सभेत सदस्यांना कामं कशी वाटून द्यावीत?