उत्तर: बायबल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

काहीजण म्हणतात की मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रं, जग आणि कथेचा लिखित आराखडा, पक्कं झालं की फक्त चित्रं काढायची उरतात. तसं नसतं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचं उदाहरण बघा. तिचे निर्माते डायमार्टिनो-कोनिएट्झ्को या जोडीच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यात नायक आंग भविष्यकाळातला होता, त्याचा पाळीव प्राणी मोमो चक्क रोबो! सोबतीला नागा नावाचं अस्वल-कुत्रं. ते नाव वाया गेलं नाही म्हणा, २०१२ मध्ये पुढच्या मालिकेची नायिका कोरा हिच्या प्राण्याला मिळालं.

टॉफ या पात्राचं तर आणखी भारी. आधी ठरला होता दांडगा, पिळदार मुलगा. मुख्य लेखक एहाझने मुलगी सुचवली आणि आली बारा वर्षांची आंधळी, तोंडाळ पोर. शीर्षकगीतात... म्हणजे सुरुवातीच्या निवेदनात, 'अर्थ' (Earth, म्हणजे पृथ्वी) म्हणताना धोंडे उडवणारा आडदांड गडी आजही दिसतो. तो तुकडा थांबवून बघाच.