ओसाड खाणगावं बघायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या उकिरड्यावर सहल (माझं मत, पटत नसेल तर भांडा)

डेन्व्हरी_भटक्या:
जुलैत इथल्या मराठी ग्रुपबरोबर कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरात जाऊन आलो. सिल्व्हरटनहून भाड्याची जीप घेऊन अ‍ॅनिमस नदीच्या दरीतून वर वर, वाटेत युरेका, तिथल्या सनीसाइड मिलचे, म्हणजे खाणीतला दगड दळायच्या कारखान्याचे, नुसते पायऱ्यापायऱ्यांचे पाये उरलेत, आणि मग ११,२०० फुटांवर अ‍ॅनिमस फोर्क्स. डझनभर लाकडी घरं उभी आहेत, त्यातलं १८७९ चं डंकन हाऊस सगळ्यात फेमस कारण त्याला पुढे आलेली मोठी खिडकी आहे. आमच्यातले सगळे त्या खिडकीत बसून फोटो काढायला लाईन लावून उभे, मीपण काढला, डीपी तोच आहे. पण मग मला प्रश्न पडला की आपण नक्की कशाचं कौतुक करतोय?

हा डोंगर यूट या मूळच्या आदिवासी लोकांचा होता. चांदी-सोनं सापडतंय म्हटल्यावर १८७३ मध्ये ब्रूनो करार करून तो त्यांच्याकडून काढून घेतला. माणसं आली, खोदलं, माल संपला किंवा भाव पडला की निघाली. गोल्ड प्रिन्स मिल १९१० ला बंद झाली तर तिचं सामानसुद्धा उचलून खाली युरेकाला नेलं. १९२० च्या दशकात गाव रिकामं. मागे काय ठेवलं तर भोकं. त्या भोकांत पाणी शिरतं, हवा आणि पाणी मिळून खडकातल्या पायराईटचं (गंधक-लोखंडाचं खनिज) आम्ल होतं, आणि ते आम्ल जस्त, कॅडमियम, शिसं घेऊन नदीत उतरतं. शेजारच्या सिमेंट क्रीकच्या दरीत गोल्ड किंग खाण आहे, ५ ऑगस्ट २०१५ ला तिचं तोंड फुटून ३० लाख गॅलन पाणी, म्हणजे एक कोटी लिटरच्या वर, बाहेर आलं आणि अ‍ॅनिमस नदी केशरी झाली. खाली न्यू मेक्सिकोत नव्हाहो आदिवासी शेतकऱ्यांना कालवे बंद करावे लागले. आणि आपण खिडकीत बसून पोझ देतोय. वर त्या घरांची छपरं दुरुस्त करायला सरकारी पैसा. मी म्हणतो पडू द्या.

पिठलं_विथ_ठेचा:
अहो धागाकर्ते, डीपी बदला आधी, मग प्रवचन द्या 😀
आता सिरियसली. सनीसाइड खाण १९९१ ला बंद पडली, सिल्व्हरटनमधली शेवटची मोठी खाण ती, त्यानंतर ते गाव जगतंय कशावर? ड्युरँगोहून येणाऱ्या वाफेच्या गाडीवर आणि तुमच्यासारख्या जीपवाल्यांवर. तुम्ही नाही गेलात तर नदी साफ होणारे का? आणि दुसरं म्हणजे पुस्तकात वाचून ते कळत नाही हो. १८८४ च्या हिवाळ्यात अ‍ॅनिमस फोर्क्सला २३ दिवस सलग बर्फाचं वादळ चाललं, २५ फूट बर्फ, लोकांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणले. हे वाक्य मी डेन्व्हरमध्ये सोफ्यावर वाचलं तेव्हा "बापरे" म्हणून पुढे गेले, पण त्या घरात उभं राहिलं आणि जुलैमध्ये फळ्यांच्या फटीतून वारा आत आला तेव्हा समजलं की ही माणसं काय परिस्थितीत राहत होती. मजूर होते ते, मालक कुठेतरी दूर शहरात बसलेले. त्यांची घरं पडू द्या म्हणणं म्हणजे पुन्हा मालकांचाच फायदा, काही दिसलंच नाही की विचारायला कोणी नको.

डिचोलीकार:
दोघांचंही वाचलं. मी गोव्यातल्या डिचोलीचा, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातला. आमच्याकडे ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, पुन्हा सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द. तेव्हा गावं ओसाड झाली का? नाही. ट्रकांचे हप्ते चालू, पोरं घरी, खनिज नेणारे बार्ज नदीत उभे, आणि शेतात लाल गाळ तसाच. आमच्या विहिरी, कुळागरं (माड-सुपारीच्या बागा), देवळं खाणीच्या आधीपासून आहेत, आम्ही उठून जाणार कुठे?
म्हणून मला वाटतं ओसाड गाव ही एक चैन आहे. मूळच्या लोकांना आधीच हाकललं, मग जे आले ते फक्त खनिजासाठी आले, त्यामुळे निघून जाताना कोणाला काही वाटलं नाही. आज तिथे जो शांत निसर्ग दिसतो तो त्या हाकलण्यामुळे शांत आहे. धागाकर्त्यांनी यूट लोकांना एका वाक्यात उरकलं, खरा विषय तोच आहे. बघायला जा, नका जाऊ, मला फरक नाही, पण तिथल्या कथा "शूर मजूर विरुद्ध बर्फ" एवढ्याच असतात यावर माझा आक्षेप आहे.

पिठलं_विथ_ठेचा:
हे मान्य. पण शूर मजूरही खोटे नव्हते ना.

मँगनीज_काका:
भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या खाणीत आयुष्य गेलं, आता मुलाकडे उटाहला असतो, म्हणून चार शब्द. डेन्व्हरी, तुमची केमिस्ट्री बरोबर आहे पण अर्धीच. तो सगळा भाग म्हणजे फार जुन्या ज्वालामुखीचं कोसळलेलं तोंड आहे, खडकातच गंधक आणि लोखंड भरलेलं, त्यामुळे सिमेंट क्रीक खाणी यायच्या आधीपासून आम्लधर्मी आणि तांबूस होतीच. खाणींनी ते कितीतरी वाढवलं हे खरं. आणि २०१५ ची गंमत अशी की फुटलं ते कंपनीच्या हातून नाही, पर्यावरण खात्याच्या, ईपीएच्या ठेकेदाराचं पथक साफसफाईच्या कामात तोंड उकरत होतं तेव्हा फुटलं. त्याआधी १९९६ पासून सनीसाइडच्या अमेरिकन टनेल नावाच्या बोगद्यात काँक्रीटचे बूच बसवले होते, पाणी अडलं, आणि आजूबाजूच्या खाणींतली पातळी वर चढली असं बऱ्याच जाणकारांचं म्हणणं, कंपनी ते मानत नाही.
त्याच सनीसाइडमध्ये १९७८ ला वरचं लेक एमा नावाचं तळं खाणीचं छत फोडून आत कोसळलं. ४ जून, रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं. सोमवार असता तर... जाऊ दे.
बघायचंच तर झोपड्या सोडा, सिल्व्हरटनजवळची मेफ्लॉवर मिल बघा. १९२९ ची, १९९१ पर्यंत चालली, यंत्रं जागच्या जागी आहेत. दगड दळून त्यातून धातू कसा वेगळा काढायचे आणि उरलेला चोथा कुठे टाकायचे हे तिथे डोळ्यांनी दिसतं, चोथ्याचे ढीग बाहेरच पडलेत. आणि कोणत्याही उघड्या बोगद्यात चार पावलंसुद्धा आत जायचं नाही, आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते नाकाला कळत नाही, माणूस सरळ बसतो तो उठत नाही.

ऑरोराची_आई:
काका +१. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे वाचाच. अजून एक, तिथला गंजका खिळा, बाटलीचा तुकडा काही म्हणजे काही उचलायचं नाही, सरकारी जमीन आहे, गुन्हा आहे. आमच्या बारक्याने खिशात घातला होता, परत ठेवायला लावला तर पूर्ण रस्ता रडला. बाकी वाद चालू द्या, मला उंचीने डोकं दुखलं एवढंच आठवतंय.

डेन्व्हरी_भटक्या:
काका, माहितीबद्दल आभार, पण पाणी आधीपासून खराब होतं म्हणून पुढच्याने अजून घाण केली तर चालतं का? आणि १८७२ चा खाण कायदा अजून लागू आहे, सरकारी जमिनीतून सोनं-चांदी काढा, केंद्राला रॉयल्टी शून्य. कंपनीने एक पैसा न देता माल नेला आणि आता साफसफाई सुपरफंडमधून, म्हणजे विषारी जागा साफ करायच्या केंद्राच्या योजनेतून, २०१६ पासून इथल्या ४८ जागा तिच्या यादीत आहेत. डिचोलीकारांचा मुद्दा बरोबर, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. छपरं दुरुस्त करून, पाटी लावून, आपण त्या सगळ्याला गोंडस करतो. तोच पैसा गोल्ड किंगजवळ ग्लॅडस्टोनला जे पाणी शुद्ध करायचं प्लँट आहे तिथे घाला.

पिठलं_विथ_ठेचा:
असा नाही घालता येत पैसा. कोलोरॅडोत जुन्या वास्तू जपायचा राज्याचा फंड कसिनोच्या करातून येतो, तो कायद्याने वास्तूंसाठीच आहे. आणि ते कसिनो कुठे आहेत माहितीये ना? ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी, क्रिपल क्रीक. तिन्ही जुनी खाणगावं.

डेन्व्हरी_भटक्या:
म्हणजे एका खाणगावात लोक जुगारात हरणार, त्यातून दुसऱ्या खाणगावाची छपरं होणार. हे ऐकून माझं मत बदलेल असं वाटलं का तुम्हाला?

डिचोलीकार:
😂 आमच्याकडे पण कसिनो आहेत, मांडवीत, जिथून खनिजाचे बार्ज जायचे तिथेच. त्याच्यातून आमच्या विहिरींना काय मिळतं ते कोणी सांगा.

नवखा_जीपवाला:
मध्येच विचारतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅनिमस फोर्क्सला जाता येईल का? साधी एसयूव्ही आहे.

मँगनीज_काका:
बर्फ पडला नसेल तर जाता येतं, शेवटचा टप्पा दगडांचा आहे, गाडीचं पोट उंच हवं. पुढे सिनॅमन पासला साधी एसयूव्ही घालू नका. सिल्व्हरटनला रस्त्याची चौकशी करूनच वर चढा. आणि मेफ्लॉवर मिलचा सीझन तोवर संपलेला असू शकतो, आधी विचारून घ्या.