लासोटा पाजूनही मानमोडी कशी आली?

प्रश्न (मोहोळ तालुका)

नमस्कार. आमच्या वस्तीवर मी गिरिराज जातीच्या कोंबड्यांची ३०० पिल्ले आणली होती. सातव्या दिवशी मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटा लस पाण्यातून पाजली, तरीही सहाव्या आठवड्यात पिल्लांना हिरवी हगवण लागली, माना पिळवटू लागल्या आणि आठ दिवसांत ६० पिल्ले दगावली. लस मी एप्रिलमध्ये भर दुपारी सोलापुरातून मोटारसायकलच्या डिकीत आणली होती. पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे होते. लस बनावट होती का? उरलेल्या पिल्लांना आता मानमोडीवरचीच आर-टू-बी ही दुसरी लस टोचावी का?

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक, सोलापूर)

लस बनावट होती असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. लासोटामध्ये सौम्य केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो जिवंत राहावा म्हणून कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. ४० अंशांच्या उन्हात तापलेल्या डिकीतून आणलेल्या लसीत किती जीव उरला असेल, याचा आपणच विचार करावा. त्यातही नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. तिच्यातील क्लोरीन जंतू मारते, तसेच लसीचा विषाणूही मारते. म्हणून क्लोरीन नसलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे, त्यात लिटरमागे अडीच ग्रॅम स्किम दूध पावडर आधी मिसळावी, पिल्लांचे पाणी थोडा वेळ तोडावे आणि लसीचे पाणी दोन तासांत संपेल एवढेच ठेवावे. पहिली मात्रा मात्र डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देणेच उत्तम.

शिवाय लहानपणी दिलेल्या एका मात्रेचे संरक्षण काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा द्यावी लागते. गंबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस दिली होती का, तेही कळवावे. त्या रोगात प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथीच खराब होते आणि मग इतर लसीही नीट लागू पडत नाहीत.

आर-टू-बी ही सहा ते आठ आठवड्यांच्या निरोगी पक्ष्यांसाठी आहे. ती लासोटापेक्षा तीव्र असल्याने रोग शिरलेल्या कळपात स्वतःच्या मनाने टोचू नये. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

उत्तर (सांगोला)

दादा, मी लस बर्फ भरलेल्या थर्मासमधूनच आणते आणि पहाटे देते. एकाने पिल्लू धरायचे, दुसऱ्याने थेंब सोडायचा. कोणतेही पिल्लू सुटत नाही. खरी अडचण आमच्यासारख्या पंचवीस-तीस कोंबड्या पाळणाऱ्या बायकांची आहे. कुपी शेकडो मात्रांची मिळते आणि एकदा विरघळवलेली लस साठवून ठेवता येत नाही. यावर आम्ही वस्तीतल्या चौघीजणींनी अंडी एकाच आठवड्यात खुडूक कोंबड्यांखाली ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे पिल्ले एका वयाची होतात आणि एका कुपीत सगळ्यांचे भागते.

प्रश्नकर्ता

सर, गंबोरोची लस दिली नव्हती आणि लासोटाची दुसरी मात्राही राहून गेली. मेलेली पिल्ले मी ओढ्यालगत टाकली होती. ती आज खोल खड्ड्यात चुना घालून पुरतो. आजारी पिल्ले वेगळी काढली आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात फोन झाला असून डॉक्टर उद्या सकाळी नमुने घ्यायला येणार आहेत.