मदत हवी आहे: अपेंडिसायटिस हा शब्द ग्रीक की लॅटिन?

अक्षरयात्री: या शब्दाचे मूळ मला आज संध्याकाळपर्यंत हवे आहे. एका कोशात लॅटिन दिले आहे, दुसऱ्यात ग्रीक, आणि जुन्या पुस्तकात आजाराचे नावच वेगळे आहे. जाणकारांनी नेमके सांगावे, ‘गुगल करा’ असे सांगू नये.

तळटीप: वेगळे नाव म्हणजे कोणते, आणि हे कशासाठी हवे आहे, ते आधी लिहावे.

निवृत्त परिचारिका: बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली असेल, तर शब्दकोश बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

अक्षरयात्री: ताई, माझे पोट दुखत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी परिभाषेचा तक्ता करत असून त्यात भाषेचा रकाना एकच आहे. जुने नाव ‘पेरिटिफ्लायटिस’ असे आहे.

तळटीप: मग दोन्ही कोश अर्धे बरोबर आहेत. ‘अपेंडिक्स’ लॅटिन असून ‘अपेंडेरे’, म्हणजे लटकवणे, या धातूवरून आला आहे. त्याचे षष्ठीचे रूप ‘अपेंडिसिस’ असल्यामुळे प्रत्यय लागताना ‘क्स’ जाऊन ‘स’ येतो. ‘-आयटिस’ मात्र ग्रीक आहे. तो मुळात ‘अमक्याचा’ असे सांगणारा स्त्रीलिंगी विशेषण-प्रत्यय. ‘नोसोस’ म्हणजे रोग हा शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी असून तो अध्याहृत असे, त्यामुळे ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे निव्वळ सांध्यांचा रोग. दाह हा अर्थ नंतर चिकटला. जुन्या नावातला ‘टिफ्लॉस’ म्हणजे आंधळा, आणि उंडुकाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या, ‘सीकम’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच, कारण उंडुकाचे एक टोक बंद असते. दुखणे उंडुकाभोवतीचे समजले जाई, म्हणून ‘पेरि’. बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ यांनी १८८६ साली आजार बहुधा आंत्रपुच्छातच, म्हणजे अपेंडिक्समध्येच, सुरू होतो हे दाखवले आणि नवे नाव रूढ केले.

शुद्धमती: रूढ केले, पण लॅटिन धडाला ग्रीक शेपूट जोडून! जून १९०२ मध्ये ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला, तेव्हाही अधिकृत निवेदनात ‘पेरिटिफ्लायटिस’ असेच होते. तक्त्यात अशुद्ध शब्द मुख्य नोंद म्हणून देऊ नये.

तळटीप: ‘रेल्वेस्थानक’ आपण बिनदिक्कत लिहितो, तेव्हा ही शुद्धता कुठे जाते? शिवाय जुने नाव शुद्ध असले तरी त्यात दुखण्याची जागाच चुकलेली होती.

शुद्धमती: रेल्वेस्थानकाचे समर्थन मी केलेले नाही.

अक्षरयात्री: माझा रकाना एकच आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

तळटीप: त्यात ‘लॅटिन मूळ, ग्रीक प्रत्यय’ असे लिहा. आणि टॉन्सिलायटिसपुढे काय लिहिले आहे, तेही एकदा कळवा.

अक्षरयात्री: ‘ग्रीक’.